टाळासकट आवाज

नवीन गायक स्टुडिओत आला की मी त्याला आधी गायला सांगत नाही, आकडे म्हणायला लावतो. सदुसष्ट, सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी, एकशे सत्तावीस. माइक बदलून बदलून हेच आकडे दोनदा-तीनदा ऐकले की कोणता माइक या माणसाच्या 'स'ची शिट्टी करतो आणि कोणता गिळून टाकतो ते कळतं. मराठीत 'माझा'तला झ, 'चाल'मधला च, हेसुद्धा दातांवरून घासून जातात, त्यामुळे अभंगाच्या एका ओळीत माइकला खोड्या काढायला भरपूर जागा असते.

आक्कांना आकडे म्हणायला सांगितले तर त्या काचेतून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गाणं घ्याया बोलावलंस का हिशेबाला?"

आक्का माळशिरस तालुक्यातल्या. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं गातात. त्यांचा भाचा इथे पुण्यात नोकरीला, त्याच्या मनात आलं की मावशीचे पाच-सहा अभंग चांगल्या स्टुडिओत रेकॉर्ड करून ठेवावेत. पैसे तोच देणार होता, त्यामुळे दिवसभर माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायचा हक्कही त्याचाच. पेटीवाले काका गावाहूनच आले होते. पखवाज नंतर भरायचा असं ठरलं होतं.

मी सकाळी सगळी तयारी करून ठेवली होती. बूथमध्ये आमचा सगळ्यात महाग, मोठ्या पडद्याचा कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीकही टिपणारा माइक. स्टँड उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला, समोर 'प', 'फ'ची फुंकर अडवणारा पॉप फिल्टर, हेडफोन टांगलेला. माइकचं नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. आदल्याच महिन्यात एका मुलीची दोन भावगीतं त्यावर घेतली होती. तिचा आवाज कुजबुजल्यासारखा, हवा जास्त, धार कमी. असल्या आवाजाला हा माइक वरच्या फ्रिक्वेन्सीत जो थोडा उठाव देतो तो झकास लागतो. त्या यशाच्या धुंदीत मी तो जागचा हलवलाच नव्हता.

आक्का उभ्या राहिल्या, हेडफोन घातला, पहिली ओळ गायल्या आणि मी पटकन आवाज कमी केला. सूर पक्का होता, पट्टी काळी दोन, वयानं थोडी खाली आलेली. पण पेटी-पखवाजाच्या वरून, विनामाइक, देवळाच्या मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचवायची सवय असलेला तो आवाज. तीन-साडेतीन हजार हर्ट्झपाशी त्याला उपजतच सुरीची धार होती, आणि माइक त्या सुरीला आणखी पाणी देत होता. त्यातच प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी. संत म्हटलं की शिट्टी, सावळा म्हटलं की शिट्टी.

"कवळी हाय," आक्का म्हणाल्या. "नवी हाय. काढू?"

काढून बघितली. शिट्टी गेली आणि शब्दही गेले. कवळी परत बसली.

इथवर माझ्या डोक्यात साधा हिशेब होता: आवाजाला धार जास्त, म्हणजे माइक मऊ हवा. कपाटातून आरई20 काढला. इलेक्ट्रो-व्हॉइसचा हा डायनॅमिक जातीचा माइक 1968 सालचा, आणि रेडिओवाल्यांच्या टेबलावर आजही दिसतो. बहुतेक एकमार्गी, म्हणजे समोरचंच जास्त ऐकणाऱ्या, माइकच्या जवळ गेलं की खर्ज फुगतो, लांब गेलं की आवाज पातळ होतो. याच्या अंगावर ज्या फटी असतात त्यांच्यामुळे हा फुगवटा जवळजवळ येत नाही. आक्का गाताना डुलत होत्या, कधी माइकपासून वीतभर, कधी हातभर. तरी या माइकवर आवाजाचा रंग तोच राहिला. शिट्टीही निम्म्यानं उतरली. मी खूश.

आक्का खूश नव्हत्या. दोन ओळी गायच्या आणि थांबायच्या. लय सुटत होती, हे मला उशिरा लक्षात आलं. हेडफोनमध्ये लयीची टिकटिक देणारा मेट्रोनोम दिला तर त्यांनी हेडफोनच काढला.

"माझा टाळ कुटं हाय?"

टाळ पिशवीत होता. सकाळी मीच भाच्याला सांगितलं होतं की टाळ नंतर वेगळा भरू. स्टुडिओत आम्ही सगळं वेगवेगळं घेतो, कारण मग एकेकाला दुरुस्त करता येतं. टाळ ही तर माइकच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट चीज. काशाच्या दोन वाट्या, गळ्यापासून हात-दीड हातावर, प्रत्येक ठोक्याला मीटर लालमध्ये. मी हे सगळं आक्कांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाळा, टाळ न्हाई तर मला कळायचं कसं, आवर्तन कुटं आलं ते? त्ये हातात असतंय."

भाचा म्हणाला, "मावशी, एकदा ट्राय तर करा." मावशींनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती पाहून मी मुकाट्यानं टाळ आणायला गेलो. पिशवीतच त्यांची सतरंजीही होती. त्या भजनाला कधी उभ्या राहून गायल्याच नव्हत्या. बूथमध्ये सतरंजी अंथरली, आक्का मांडी घालून बसल्या, टाळाची दोरी बोटांभोवती गुंडाळली आणि पहिल्यांदाच मला त्या दिवशी त्यांचा खरा आवाज ऐकू आला. खांदे उतरले, मान मोकळी झाली, आणि ती सुरी बोथट न होता गोल झाली. सूर तोच होता, पण सकाळचा ताणलेला आवाज आणि हा, यांत एखाद्या नव्या माइकइतका फरक होता.

रेकॉर्डिंगमध्ये मात्र टाळच टाळ. आरई20 पाठीमागून येणारा आवाज टाळतो. माइकच्या पाठीमागे टाळ असता तर प्रश्न नव्हता. तो तर माइकच्या पुढ्यात, आक्कांच्या छातीशी.

मग मला बसल्या बसल्या कॉलेजात कागदावर काढलेली ती आकृती आठवली. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा कानोसा घेणारा माइक पुढचं ऐकतो, मागचं ऐकतो, आणि बाजूंचं ऐकत नाही. बाजू म्हटलं की आपण डावी-उजवी धरतो. पण त्याला वर आणि खालीही बहिरेपणच असतं. आक्कांचा टाळ खालीच होता.

आमच्या महागड्या कंडेन्सरला तो आठाचा खटका आहे. लावला. माइक हनुवटीच्या खाली आणला, थोडा पुढे ठेवला आणि मागे झुकवला, म्हणजे त्याचं तोंड वर आक्कांच्या तोंडाकडे, पाठ खाली सतरंजीकडे, आणि टाळ बरोबर त्याच्या बहिऱ्या बाजूला. दोन वेळा सरकवला, कानाला हेडफोन लावून मीच जमिनीवर बसून एका हातानं टाळ वाजवत, दुसऱ्या हातानं स्टँड हलवत राहिलो. एका जागी टाळ असा खाली बसला की मी चुकून हात थांबवला की काय असं वाटून खाली बघितलं. दोन बोटं इकडे-तिकडे झालं की पुन्हा वर यायचा. पूर्ण गेला नाहीच. दुहेरी पडद्याच्या माइकची ही आकृती वरच्या फ्रिक्वेन्सीत तितकी स्वच्छ राहत नाही, आणि टाळ म्हणजे सगळा वरचाच मामला. कवळीची शिट्टी तर होतीच.

म्हणजे हवा होता तो रिबन. अ‍ॅल्युमिनिअमची केसाहून कितीतरी पातळ पट्टी चुंबकाच्या दोन टोकांमध्ये सैल टांगलेली, दोन्हीकडून उघडी, त्यामुळे तिचा स्वभावच आठाचा. वरचा भाग हा माइक हळूहळू उतरवत नेतो. 1930च्या दशकातल्या अमेरिकन रेडिओचे ते मोठे, खाचांचे माइक जुन्या फोटोंत दिसतात, ते याच जातीचे. माझ्याकडे रिबन नाही. नारायण पेठेतल्या एका मित्राकडे आहे. फोन केला, पेटीवाल्या काकांना आणि आक्कांना जेवायला बसवलं आणि स्कूटर काढली.

मित्रानं डबा हातात देताना तीन गोष्टी बजावल्या. आडवा ठेवायचा नाही, पट्टी लोंबते. फुंकर मारून 'चेक चेक' करायचं नाही. आणि फँटम, म्हणजे केबलमधून माइकला जाणारी वीज, बंद. कंडेन्सरला लागणारे ते 48 व्होल्ट नीट केबल असेल तर रिबनचं सहसा काही बिघडवत नाहीत, पण केबलमध्ये कुठे एक तार तुटकी असली तर पट्टीचं भजं. "तुझ्या केबली मला माहीत आहेत," असंही म्हणाला.

तर रिबन त्याच जागी, त्याच तिरपाईत लावला. तोंडापासून साधारण सव्वा फूट. गेन, म्हणजे माइकचा आवाज मोठा करायचं बटण, साठ डेसिबलच्या वर न्यावा लागला, कारण हा माइक फार हळू बोलतो. कुजबुजणाऱ्या त्या मुलीला यावर घेतलं असतं तर गाण्याइतकीच सरसर रेकॉर्ड झाली असती. आक्कांच्या बाबतीत ती काळजी नव्हती. हेडफोन फक्त एका कानावर ठेवला, दुसरा कान उघडा. रिबनला खर्ज फुगवायची खोड सगळ्यांत जास्त, तीही इथे उपयोगी पडली: आवाजाला खाली अंग आलं.

माइक निवडताना मी एक गोष्ट न चुकता करतो. सगळ्या माइकवरची एकच ओळ कानाला सारख्याच मोठ्या आवाजात लागेल अशी जुळवून घेतो आणि कोणती कशावरची ते न सांगता ऐकवतो. एक डेसिबल जरी जास्त असला तरी माणूस बेधडक त्यालाच चांगला म्हणतो, त्यात मीही आलो. तीन तुकडे लावले. भाच्यानं कंडेन्सर निवडला. "क्लिअर आहे," म्हणाला. पेटीवाले काका आरई20वर अडून बसले. मला स्वतःला खालच्या स्वरांत कंडेन्सरच आवडला होता, हे कबूल करतो. त्यात मंद्रातला पंचम जसा उघडा ऐकू येत होता तसा रिबनमध्ये येत नव्हता.

आक्कांनी तिन्ही ऐकले, मग तिसरा परत लावायला सांगितला.

"ह्यात टाळ लांब हाय. सभामंडपात मागं बसलेली वाजवत्यात तसा. ह्योच घे."

टाळ पूर्ण घालवायच्या मागे मी सकाळपासून लागलो होतो. तो थोडा उरलेलाच त्यांना हवा होता.

त्यानंतर चार तासांत सहा अभंग झाले. सहावा तर एका टेकमध्ये. तार सप्तकात जाताना आक्का आपोआप मान मागे न्यायच्या आणि माइकपासून लांब जायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांच्या तबकड्या भरल्या गेल्या तेव्हा माइक नव्हताच, भोंग्यात गावं लागे, आणि त्या काळचे गायक वरच्या स्वरांना असेच मागे सरत. 1925च्या सुमारास विजेवर चालणारे माइक आले आणि ती मेहनत संपली म्हणतात. आमच्याकडे आवाजाचे चढउतार आवळणारा कॉम्प्रेसर त्या दिवशी जवळजवळ स्वस्थ बसून होता.

संध्याकाळी मित्राचा डबा परत करायला निघालो. डबा स्कूटरवर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, उभा. नळ स्टॉपच्या सिग्नलला फोन वाजला. भाचा. मी पाठवलेली कच्ची फाइल त्यानं मोबाइलवर ऐकली होती.

"छान आलंय सर. फक्त जरा क्लिअर करता येईल का?"

दुसऱ्या दिवशी मिक्सला बसलो तेव्हा दहा हजार हर्ट्झपाशी तीन डेसिबल वाढवून बघितले. कवळी हजर. दीडवर आणले. ती फाइल पाठवली तर त्याचं उत्तर आलं, "आता एकदम बरोबर." आक्कांचा निरोप पेटीवाल्या काकांच्या फोनवरून आला: तिसऱ्या अभंगात टाळ थोडा कमी झालाय, तेवढा वाढव.