आधी बाटली, मग कॅप्सूल

रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. नमुना घेतला : सायंकाळी 6.20. नमुना मिळाला : दुसऱ्या दिवशी सकाळी 11.05. म्हणजे माझ्या लघवीची बाटली पावणेसतरा तास कुठेतरी पडून होती, आणि तीही एप्रिल महिन्यात. या दोन ओळींचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. आपल्याकडे बायका लघवीच्या संसर्गाबद्दल, जळजळीबद्दल बोलत नाहीत. त्यामुळे कुणी काही सांगत नाही, आणि मग प्रत्येकीला सगळं स्वतःच भोगून शिकावं लागतं.

मी इंदिरानगरला राहते आणि नोकरी नाशिकरोडला. ऑफिसातलं स्वच्छतागृह जायच्या लायकीचं नाही, म्हणून घरून निघताना जाऊन यायचं आणि मग संध्याकाळपर्यंत थांबायचं, पाणीही बेतानंच प्यायचं, ही माझी कित्येक वर्षांची सवय. उन्हाळ्यात द्वारका चौकात गाडी अडकली की घरी पोचेपर्यंत जीव जातो. गेल्या वर्षभरात दोनदा जळजळ झाली होती. दोन्ही वेळा सासूबाई म्हणाल्या, "उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी घे." ते घेतलंच, शिवाय पहिल्या वेळी मेडिकलमधून 'लघवीच्या गोळ्या' आणल्या. चिठ्ठी वगैरे काही नाही. नॉरफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या कापून मिळाल्या, दोन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या डब्यात ठेवल्या. दुसऱ्या वेळी त्याच उरलेल्यांतल्या काही घेतल्या.

तिसऱ्या वेळी मात्र रात्रभर दर वीस मिनिटांनी उठत होते. दोन थेंब लघवी, आणि ती होताना डोळ्यांत पाणी. सकाळी लघवी गढूळ आणि किंचित लालसर. संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या डॉक्टर मॅडमकडे गेले.

मॅडमनी आधी बरंच विचारलं. ताप आहे का, थंडी वाजते का, पाठीत बरगड्यांच्या खाली एका बाजूला दुखतं का, उलट्या होतात का. यातलं काही असतं तर संसर्ग किडनीपर्यंत गेल्याची शक्यता, आणि मग हे औषध चालत नाही, असं त्या म्हणाल्या. पाळी कधी आली, दिवस राहण्याची शक्यता आहे का, शुगर आहे का, किडनीचा काही त्रास, कुठल्या औषधाची ॲलर्जी, हेही विचारलं. मग आधी काय काय घेतलंय ते विचारलं. मी गोळ्यांचं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्हणूनच आता कल्चर करायचं, कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते बघायचं. आधी बाटली, मग कॅप्सूल. उलटं करू नका."

चिठ्ठीवर नायट्रोफ्युरान्टॉइन नावाच्या अँटिबायोटिकची कॅप्सूल, 100 मिलिग्रॅम, हळूहळू विरघळणारी, दिवसातून दोनदा, पाच दिवस, जेवणानंतर. जुनं औषध आहे, 1953 पासून वापरात आहे, असं मॅडम म्हणाल्या. ते रक्तात फारसं राहत नाही, लघवीत उतरून तिथेच साठतं. म्हणून मूत्राशयाच्या संसर्गावर चांगलं, पण किडनीच्या संसर्गाला उपयोगाचं नाही. ताप आला तर वाट बघू नका, असं त्या परत परत का सांगत होत्या ते तेव्हा कळलं.

इथपर्यंत सगळं नीट झालं. पुढे लॅब.

लॅब वाटेतच होती, घराच्या दिशेनं. काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठी बघितली, साडेसहाशे रुपये घेतले, झाकणाची बाटली हातात दिली आणि म्हणाली, "ताई, बाथरूम तिकडे." बस. मधली धार घ्या, आधी धुऊन घ्या, झाकणाच्या आतून हात लावू नका, यातलं एक अक्षरही नाही. बाथरूमचा दिवा मिणमिणता, साबण नाही, पर्स टांगायला खुंटी नाही, नळ गळत होता. मी पर्स काखेत धरली, झाकण बेसिनच्या कडेवर उलटं ठेवलं आणि पहिल्या धारेपासूनच बाटली भरली. मला वाटलं, लघवी ती लघवी. परत येऊन बाटली दिली, तिनं ती खिडकीजवळच्या ट्रेमध्ये ठेवली. मी विचारलं, "रिपोर्ट कधी?" ती म्हणाली, "परवा संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येईल."

मंगळवारी रात्री जेवल्यावर पहिली कॅप्सूल घेतली. गुरुवारी संध्याकाळी रिपोर्ट नाही. फोन केला, तर "पेंडिंग दाखवतंय". शुक्रवारी सकाळी फोन, "मेन लॅबला विचारून सांगते". कुणी सांगितलं नाही. शुक्रवारी ऑफिसातून निघताना स्वतः गेले. वेगळी मुलगी होती. तिला विचारलं, कल्चर इथे होत नाही का? ती म्हणाली, "नाही ताई, मेन लॅबला जातं. गाडी पाच वाजता जाते." पाच वाजता! मी बाटली दिली सव्वासहानंतर. म्हणजे त्या दिवशीची गाडी गेलेली होती, आणि पैसे घेताना समोरच्या मुलीला ते ठाऊक होतं. "सकाळी या" एवढंच ती म्हणाली असती तरी चाललं असतं. मी सकाळी आले असते. एक रात्र आणखी काढली असती, पण आले असते. बाटली फ्रिजमध्ये ठेवली होती का, असं विचारल्यावर ती आणि तिच्या शेजारची मुलगी एकमेकींकडे बघायला लागल्या.

शनिवारी दुपारी रिपोर्ट आला. 'मिक्स्ड ग्रोथ, नमुना दूषित असण्याची शक्यता, पुन्हा नमुना पाठवावा.' म्हणजे एक नव्हे, अनेक प्रकारचे जंतू उगवले होते. खाली प्रेमळ मेसेज, रिपीट सॅम्पल मोफत करून देऊ. तोवर माझ्या पोटात आठ कॅप्सूल गेल्या होत्या. आता लघवीत जंतू सापडतीलच कसे? मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, आता नमुना देऊन काही कळणार नाही, बरं वाटतंय ना, मग राहिलेल्या दोन पूर्ण करा. मी जिन्यात बसून रडले. दुखणं कमी झालं होतं, पण कुठल्या जंतूमुळे, आणि आपण आधी खाल्लेल्या गोळ्यांचं काय झालं, हे कळायची संधी त्या ट्रेमध्ये राहून गेली होती.

यात नेमकं काय बिघडतं ते मॅडमनी नंतर समजावलं, आणि ते मला कुणी आधी सांगायला हवं होतं. आपल्या त्वचेवर, योनीमार्गाजवळ जंतू असतातच. पहिल्या धारेबरोबर ते बाटलीत येतात. मग बाटली उबेत पडून राहिली की ते वाढतात. ई. कोलायसारखा जंतू मानवेल अशा उबेत वीस मिनिटांत दुप्पट होतो. एका रात्रीत किती होतील याचा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर मांडायला घेतला आणि सोडून दिला. लॅबमध्ये तो नमुना ताटलीत पसरून अठरा ते चोवीस तास उबेत ठेवतात, जंतू उगवला की त्याच्यावर वेगवेगळी अँटिबायोटिक्स लावून बघायला आणखी एक दिवस. म्हणून चांगल्या लॅबलाही दोन दिवस लागतातच, त्यासाठी काउंटरवर भांडू नका. भांडायचं तर बाटली कधी निघणार यावर भांडा.

तर बाटली अशी भरायची. हात साबणानं धुवायचे. खालची जागा साध्या पाण्यानं धुवायची, पुढून मागे. पहिली थोडी धार जाऊ द्यायची, मधली बाटलीत घ्यायची, शेवटची सोडून द्यायची. झाकण हातातच धरायचं, आतून बोट लावायचं नाही. पाळी चालू असेल तर आधी सांगायचं. तास-दोन तासांत नमुना तपासणीच्या जागी पोचायला हवा. नाही पोचत, तर फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे. आणि पैसे द्यायच्या आधी विचारायचं : कल्चर इथेच होतं का, आणि नसेल तर गाडी किती वाजता?

फार त्रास असेल तर रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नसतं, हेही सांगून ठेवते. बाटली दिली की डॉक्टरांनी लिहिलेलं औषध सुरू. रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर ते बदलतात.

कॅप्सूलबद्दल राहिलंच. पहिल्याच रात्री मेडिकलवाल्या दादांनी पिशवीत एक सिरप टाकलं, सायट्रेटचं, "जळजळीला बरं असतं". चिठ्ठीवर नव्हतं. सहज मॅडमना मेसेज केला तर लगेच उत्तर, घेऊ नका. या सिरपनं लघवीची आम्लता कमी होते, आणि ही कॅप्सूल आम्ल लघवीतच चांगली चालते. दुसऱ्या दिवशी परत केलं, दादांनी पैसे दिले. ॲसिडिटीच्या काही औषधांशीही हिचं जमत नाही, मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेली. जेवणानंतर जेलुसिल-बिलुसिल घ्यायची सवय असेल तर आधी विचारा. त्याच दादांनी "पाचच देऊ का, बरं वाटलं की पुरे" असंही विचारलं होतं. पाच दिवस, रोज दोन म्हणजे दहा. मी दहाच घेतल्या. पट्टीवर लाल उभी रेघ होती. ती रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं, 2016 मध्ये आरोग्य मंत्रालयानं त्याचीच मोहीम काढली होती. माझ्या जुन्या डब्यातल्या गोळ्यांवरही ती रेघ होती, मी कधी बघितलीच नव्हती.

बुधवारी सकाळी उपाशीपोटी घेतली आणि पोटात ढवळायला लागलं. त्यानंतर दोन पोळ्या आणि भाजी खाल्ल्याशिवाय घेतली नाही, काही झालं नाही. जेवणाबरोबर ती अंगी लागतेही जास्त. उघडून, फोडून घ्यायची नाही, अख्खी गिळायची. गुरुवारी लघवी गडद पिवळी, जवळजवळ तपकिरी झाली तेव्हा मी घाबरले. तो औषधाचाच रंग असतो. पण अंगावर पुरळ, धाप किंवा नवा खोकला, हातापायांना मुंग्या, डोळे पिवळे, यातलं काही दिसलं तर पुढची कॅप्सूल घ्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची. पुढचीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची, दोन एकदम नाही.

शुक्रवारी मला काहीच होत नव्हतं. एरवी मी तिथेच थांबले असते. या वेळी पट्टी देवघराजवळ ठेवली होती, संध्याकाळी दिवा लावताना दिसायची. समोरच्या काकूंनाही तेव्हाच त्रास सुरू झाला. "तुझ्यातल्या दोन दे ना," म्हणाल्या. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे, शिवाय क्रिएटिनिन वाढलेलं. किडनी नीट काम करत नसेल तर हे औषध लघवीत पुरेसं उतरत नाही आणि अंगात अपाय करतं. त्यांना मीच रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. त्यांना वेगळं औषध मिळालं.

साडेतीन आठवड्यांनी मला परत जळजळ सुरू झाली. या वेळी बाटली आदल्या दिवशीच घरी आणून ठेवली, आणि सकाळी आठला जिथे कल्चर आतच होतं अशा एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये स्वतः दिली. नऊच्या आत वेळ टाकून नमुना आत गेला, मी उभं राहून बघितलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट. ई. कोलाय, दर मिलिलिटरला एक लाखाच्या वर. नायट्रोफ्युरान्टॉइनपुढे एस, म्हणजे लागू पडतं. फॉस्फोमायसिनपुढे एस. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे आर, म्हणजे लागू पडत नाही. आणि नॉरफ्लॉक्सासिनपुढेही आर. माझ्या डब्यातली गोळी. त्या जंतूला तिचं काहीच वाटत नव्हतं.

हे मला महिनाभर आधीच कळलं असतं.

पुन्हा पाच दिवस, पुन्हा दहा कॅप्सूल, शेवटची सोमवारी सकाळी नाश्त्यानंतर. वारंवार होतंय म्हणून सोनोग्राफी करून घेतली, नॉर्मल आली. डब्यातल्या उरलेल्या गोळ्या मेडिकलमध्ये परत दिल्या. ऑफिसात तीन जणींनी मिळून स्वच्छतागृहासाठी लेखी अर्ज दिला आहे. मी आता दुपारी थांबत नाही, शेजारच्या बँकेत जाऊन येते, पाण्याची बाटली संपवूनच घरी निघते.

त्या पहिल्या लॅबमध्ये पंधरा दिवसांपूर्वी गेले होते. बाटली कशी भरायची ते मराठीत मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून नेलं, शेवटी 'कल्चरचा नमुना पाचच्या आत द्या' असंही. बाथरूमच्या दारावर लावा म्हटलं. मुलीनं कागद वाचला, नीट घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला, "सरांना विचारते ताई" म्हणाली. काल बघून आले. अजून लावलेला नाही. सोमवारी परत जाणार आहे, या वेळी सरांनाच भेटायला.