आमची वाटचाल : मराठीत कॉमिक्स काढणारा छोटा स्टुडिओ

नारायण पेठेत जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली, तिथे मी, माझी वहिनी आणि इंकिंग, म्हणजे पेन्सिलच्या चित्रावर शाई फिरवण्याचं काम, करणाऱ्या दोन मुली, एवढाच आमचा स्टुडिओ. मी लिहिते नि काढते, हिशेब, कोटेशन, प्रेसवाल्यांशी बोलणं सगळं वहिनीकडे.

आधी मी जाहिरात एजन्सीत स्टोरीबोर्ड काढायचे. गोष्टही स्वतःची नि चित्रंही स्वतःची अशी कॉमिक्सवाली बाई तोवर माझ्या तरी पाहण्यात नव्हती, मग अमृता पाटील यांचं 'कारी' हातात आलं. २००८ चं पुस्तक, बरंचसं काळंपांढरं नि मधेच एखाद्या पानावर रंग उसळतो, एका रात्रीत वाचून काढलं. त्या गोवा कॉलेज ऑफ आर्टच्या, म्हणजे तशा आपल्या शेजारच्याच. पुढे २०१२ ला 'आदि पर्व' आलं, महाभारत तेही गंगेच्या तोंडून, २०१६ ला 'सौप्तिक', तिथे सांगणारा अश्वत्थामा, आणि २०१७ ला राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार. खूप बळ आलं मला त्याने. पण ही पुस्तकं इंग्रजीत, मला मराठीतच करायचं होतं.

सुरुवातीला कामं मिळाली ती इंग्रजी कॉमिक्समध्ये मराठी मजकूर बसवायची. तिथेच कळलं दुखणं कुठंय ते. बबल, म्हणजे संवादाचे फुगे, इंग्रजी अक्षरांच्या मापाने काढलेले असतात, आपल्याला वर वेलांटी, रफार, मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे "तू कुठून" च्या खाली "आलीस" आलं की उकार खालच्या वेलांटीत घुसतो, मग टाइप बारीक करा, मग मुलं वाचत नाहीत, आणि लोक म्हणणार मराठीत कॉमिक्स चालत नाही! अहो, तुम्ही अक्षरांना जागाच दिली नाहीत. म्हणून आम्ही उलटं करतो, ए थ्री कागदावर आधी संवाद हाताने लिहायचे, मग बबल, मग माणसं. आणि छापताना अक्षरं फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर, चार रंगांत गेली नि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, केसभर जरी सरकलं तरी वेलांटी भरून जाते.

पैशाचं म्हणाल तर एका प्रकाशकाने पूर्ण पुस्तक करून घेतलं नि बिल बुडवलं. तेव्हापासून निम्मे पैसे हातात आल्याशिवाय वहिनी पेन्सिल उचलू देत नाही.

सध्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक चालू आहे, दोन फर्म्यांचं (एका तावावर छापलेली सोळा पानं म्हणजे एक फर्मा), बत्तीस पानी. ओवीला बबल नाही द्यायचा असं ठरवलंय, ओळ जात्याच्या पाळीभोवती गोल फिरते, शिरोरेषा वाकवत एकेक अक्षर निबने लिहावं लागतं, फॉन्ट वाकवला की जोडाक्षरं पसरट होतात. वेळ फार जातो पण पानावर दळणाचा फेरा दिसतो. पहिल्या फर्म्याचं इंकिंग झालंय, दुसरा दिवाळीआधी प्रेसला द्यायचाय.