लॉट ३४ मधली बाई

"तुझे वडील कोण?"

कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंड या बेटावरचा आमचा पहिलाच हिवाळा. गावच्या हॉलमध्ये कुणाच्या तरी औषधपाण्यासाठी पैसे जमवायला गाण्याबजावण्याचा कार्यक्रम होता, आणि मध्यंतरात चहा-सँडविचच्या रांगेत ऐंशीच्या घरातल्या एका आजींनी मला हे विचारलं. मी बापडीने बाबांचं नाव सांगितलं, आडनावासकट. आजींनी कपाळाला आठ्या घालून खरोखर आठवून पाहिलं. "नाही गं लक्षात येत," म्हणाल्या आणि खजुराची एक वडी माझ्या बशीत ठेवली.

इथे हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. २०२१च्या जनगणनेत अख्ख्या प्रांताची वस्ती १,५४,३३१. दोन अनोळखी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला एखादा सामाईक चुलतभाऊ निघतो. ज्यांचा निघत नाही ते 'फ्रॉम अवे'. टोरांटोहून आलेला 'अवे' आणि रत्नागिरीकडची मी पण 'अवे'. त्या बाबतीत मात्र भेदभाव नाही!

सुरुवातीला मला हा निव्वळ भोचकपणा वाटायचा. मग घराचे कागद हातात आले. त्यावर 'लॉट ३४' असं होतं. मला वाटलं, आपला प्लॉट नंबर असेल. निघाला सुमारे वीस हजार एकरांचा तुकडा.

त्याचं असं झालं. १७६३ मध्ये बेट रीतसर फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आलं. सॅम्युअल हॉलंड नावाच्या अधिकाऱ्याने १७६४-६५ मध्ये मोजणी करून त्याचे ६७ लॉट पाडले, आणि १७६७ मध्ये लंडनला एका दिवसात चिठ्ठ्या टाकून ते जवळजवळ सगळे वाटून टाकले. घेणारे सरकारदरबारी वजन असलेले लोक. अट अशी की दहा वर्षांत दर दोनशे एकरांमागे एक माणूस आणून वसवायचा आणि सरकारला वार्षिक सारा भरायचा. बहुतेकांनी दोन्ही केलं नाही, जमिनीवर हक्क मात्र सोडला नाही. आमचा लॉट ३४ स्कॉटलंडच्या जेम्स माँटगोमेरींकडे गेला. त्यांनी निदान १७७० मध्ये 'फाल्माउथ' जहाजातून माणसं तरी पाठवली.

म्हणजे जंगल तोडायचं, झाडांची खोडं उपटायची, ही लाल माती बटाट्याजोगी करायची कुळांनी, आणि खंड जायचा समुद्रापलीकडे. माझ्या पणजोबांनी खोताकडे खंड घातलेला आहे. हा भाग मला कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

ही कटकट शंभर वर्षं चालली. १८६४ मध्ये कुळांनी संघटना काढली, 'टेनंट लीग'. खंड द्यायचा नाही, असं ठरलं. वसुलीला शेरीफ येताना दिसला की पत्र्याचे कर्णे फुंकून पुढच्या वाडीला खबर. पुढच्या वर्षी हॅलिफॅक्सहून सैन्य आणावं लागलं. त्याच १८६४ च्या सप्टेंबरात शार्लटटाउनला, म्हणजे इथल्या राजधानीत, ती प्रसिद्ध परिषद भरली, जिच्यातून पुढे कॅनडा झाला. पाहुणे बंदरात उतरले तेव्हा गाव सर्कस बघायला गेलेलं! मला हा प्रसंग फार आवडतो.

आणि परिषद भरवूनही बेट १८६७ मध्ये कॅनडात गेलं नाही. गेलं १८७३ मध्ये, रेल्वेच्या कर्जाने गळ्याशी आल्यावर, आणि जमीनदारांकडून जमीन विकत घेण्यासाठी आठ लाख डॉलरचं आश्वासन पदरात पाडून. १८७५ मध्ये सक्तीच्या खरेदीचा कायदा झाला. शार्लट सलिव्हन नावाच्या जमीनदारीणबाई विरोधात पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि हरल्या. आजही इथे एका माणसाला हजार एकरांपेक्षा जास्त आणि कंपनीला तीन हजारांपेक्षा जास्त जमीन ठेवता येत नाही. बाहेरच्याला पाच एकरांवर घ्यायची तर मंत्रिमंडळाची परवानगी. कायदा १९८२ चा, पण त्याची भीती १७६७ ची.

मात्र 'इथले' कोण, हेही सरळ नाही. इंग्रजांनी १७५८ मध्ये अकेडियन फ्रेंचांना जहाजांत कोंबून हाकललं. 'ड्यूक विल्यम' जहाज बुडालं, त्यात साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. जे लपून राहिले त्यांची आडनावं पश्चिमेकडे अजून दारोदार दिसतात. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून मिगमॉ लोक. त्यांच्या भाषेत बेटाचं नाव एपेक्विट्क, पाण्यात पहुडलेलं. त्यांना कुणी चिठ्ठीत धरलंच नव्हतं.

माझा आशेचा खांब म्हणजे लेबनीज. १८८० च्या सुमारास आले, पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार सुया-कापड विकलं, मग कोपऱ्याकोपऱ्यावर दुकानं टाकली. १९८६ मध्ये त्यांच्यातले जो गिझ इथले प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, झाले, आणि २००७ मध्ये त्यांचा मुलगा रॉबर्ट. शंभर वर्षं लागली, पण "तुझे वडील कोण" याचं उत्तर तरी मिळालं.

२०२२ च्या सप्टेंबरात फियोना वादळ आलं. आमच्या दारातला मेपल आडवा झाला आणि वीज गेली ती बरेच दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं करवत घेऊन अंगणात हजर. आम्ही कुणाला फोनही केला नव्हता. मी गॅसच्या शेगडीवर पोह्यांचा टोप चढवला. त्यांनी हळदीचा रंग बघून जरा बिचकत चमचा उचलला आणि टोप रिकामा केला.

जाताना एकाने फोनवर कुणाला तरी पत्ता सांगितला. आमचं नाव नाही घेतलं. आमच्या आधीच्या मालकाच्याही आधी जे कुटुंब इथे राहायचं, त्यांचं आडनाव घेऊन म्हणाला, "त्यांच्या घरी. हो, आता त्या पिवळ्या भातवाल्या बाई राहतात ना, तिथेच."

पोहे म्हणजे भात नव्हे, हे पुढच्या वेळी सांगेन.