तीन दिवसांची ग्रीस सहल: मायसीनी, ऑलिम्पिया, डेल्फी आणि दोन्ही टोकांना अथेन्स

मागच्या ऑक्टोबरमध्ये मी, पत्नी आणि माझी ७२ वर्षांची आई असे तिघे ग्रीसला जाऊन आलो. एकूण सहा दिवस हाताशी होते. पहिले दोन दिवस अथेन्स, मधले तीन दिवस मार्गदर्शकासह बसची सहल आणि शेवटचा दिवस पुन्हा अथेन्स, अशी आखणी आम्ही केली. इतक्या कमी वेळात स्वतः गाडी चालवत फिरण्यापेक्षा मार्गदर्शकासह जाणे शहाणपणाचे आहे, असे माझे मत या सहलीनंतर पक्के झाले आहे. ग्रीसमध्ये पुरातत्त्वस्थळांवर माहिती सांगण्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि तो रीतसर शिक्षणानंतरच मिळतो. आमच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलेल्या गोष्टींचा दर्जा त्यामुळेच फार वरचा होता.

मात्र अशा छोट्या सहलींत एक मोठी उणीव असते आणि जाणाऱ्या प्रत्येकाने ती आधीच ओळखून ठेवावी. ग्रीसमधल्या बहुतेक स्थळांवर जागेवर उरले आहेत ते पाये, पायऱ्या आणि काही खांब. तिथली शिल्पे, सोने, ब्राँझ आणि शिलालेख शेजारच्या किंवा अथेन्सच्या संग्रहालयात आहेत. संग्रहालय पाहिल्याशिवाय तो परिसर मुका राहतो. आणि वेळ कमी पडू लागला की सहलीचे आयोजक सर्वप्रथम संग्रहालयाच्याच वेळेला कात्री लावतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक संग्रहालयासाठी किती मिनिटे ठेवली आहेत आणि प्रवेशशुल्क दरात धरले आहे की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. आम्ही ते विचारले नव्हते.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. काळ एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर हा उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अथेन्समधल्या अॅक्रोपोलिस या मंदिरांच्या टेकडीसारखी स्थळे दुपारी काही तास बंद ठेवण्याची वेळ अलीकडच्या वर्षांत आली आहे, तर नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत अनेक स्थळे दुपारी लवकर बंद होतात.

अथेन्समधले पहिले दोन दिवस आम्ही अॅक्रोपोलिसला हातही लावला नाही. पहिली सबंध सकाळ राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाला दिली, आणि हा क्रम माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी ठरला. जर्मन उत्खननकार हाइनरिश श्लीमान याने १८७६ साली मायसीनी या प्राचीन गडावरच्या थडग्यांतून काढलेले सोने इथे आहे. ज्याला आजही ‘अगामेम्नॉनचा मुखवटा’ म्हणतात, तो, हा मायसीनीचा राजा ज्यात लढला असे महाकाव्य सांगते त्या ट्रोजन युद्धाच्या परंपरागत काळापेक्षा सुमारे तीन शतके जुना आहे; म्हणजे तो अगामेम्नॉनचा असू शकत नाही. तरीही त्या मिटलेल्या डोळ्यांसमोर माणूस थांबतोच. याच संग्रहालयात अँटिकिथेरा बेटाजवळच्या बुडालेल्या जहाजात सापडलेले दातेरी चक्रांचे यंत्र आहे, ज्यावरून सूर्य-चंद्राच्या गती आणि ग्रहणे यांचे गणित मांडले जाई. फ्लॅश वापरू नये आणि पुतळ्यांशेजारी त्यांच्यासारख्या पोझ घेऊन फोटो काढू नयेत. तिथले रखवालदार याबाबत कडक आहेत आणि ते योग्यच आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बस निघाली. पहिला थांबा कॉरिंथचा कालवा. सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा हा कालवा १८९३ साली पूर्ण झाला, पण इथून खोदण्याचा प्रयत्न रोमन सम्राट नीरो यानेही केला होता. त्याहूनही आधी ग्रीक लोक जहाजे आणि माल दोन समुद्रांमधल्या या चिंचोळ्या भूपट्टीवरून फरसबंद वाटेने ओढून पलीकडच्या समुद्रात नेत असत. पुलावरून पाहायला दहा मिनिटे पुरतात.

एपिडॉरस येथे मात्र वेळ द्यावा. लोक नाट्यगृह पाहतात आणि परततात, पण हे मुळात अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचे तीर्थक्षेत्र होते. दूरदूरहून आलेले रुग्ण शुद्ध होऊन एका खास दालनात झोपत, स्वप्नात देव येऊन उपाय सांगतो किंवा बरे करतो अशी श्रद्धा होती, आणि बरे झालेल्यांचे वृत्तांत दगडांवर कोरले जात. ते दगड आणि वैद्यांची हत्यारे तिथल्या लहानशा संग्रहालयात एकाच ठिकाणी दिसतात. नवस आणि शस्त्रक्रिया एकाच आवारात नांदत होत्या, हे पाहून आई बराच वेळ तिथून हलेना. नाट्यगृह इ. स. पू. चौथ्या शतकातले आहे. त्याच्या ५५ रांगांपैकी खालच्या ३४ आधीच्या आणि वरच्या २१ नंतर वाढवलेल्या. आईने खाली मध्यभागी उभे राहून, घरी देवापुढे म्हणते त्याच आवाजात ‘शुभं करोति’ म्हटले. मी मधल्या मार्गाशी बसलो होतो आणि मला शब्दन् शब्द ऐकू आला. पायऱ्या चढायच्या असतील तर कडेच्या जिन्याने सावकाश चढावे, कारण उतरताना धरायला काहीच नाही.

मायसीनीचा गड चढावर आहे. वाट दगडी आणि ओबडधोबड असून सावली जवळजवळ नाही. इ. स. पू. सुमारे १२५० मधला सिंहद्वाराचा उत्तरंग आणि त्यावरचे दोन सिंह फोटोंत अनेकदा पाहिलेले असतात, पण भिंतींतले दगड प्रत्यक्षात किती अवाढव्य आहेत हे जवळ गेल्यावरच कळते. नंतरच्या ग्रीकांना वाटे की एकाक्ष राक्षसांनीच त्या रचल्या असाव्यात. सह्याद्रीतल्या कातळात कोरलेल्या लेण्यांना पांडवांचे नाव देणाऱ्या आपल्या लोकांना ही समजूत परकी वाटणार नाही. द्वारातून आत शिरताच उजवीकडे, श्लीमानने सोने काढले ते थडग्यांचे वर्तुळ आहे, आणि दोन दिवसांपूर्वी अथेन्समध्ये सोने पाहिले असल्याने त्या रिकाम्या खड्ड्यांना आमच्यासाठी अर्थ होता. आमच्या बसमधल्या बहुतेकांसाठी तो नव्हता.

ज्यांना गड चढणे शक्य नाही, त्यांनी ‘अट्रियसचा कोषागार’ चुकवू नये. नाव कोषागाराचे असले, तरी ते थडगेच आहे. ते थोडे अलीकडे रस्त्यालगत आहे, तिकीट तेच चालते आणि वाट सोपी आहे. मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराचा हा घुमट साडेतेरा मीटर उंच आहे आणि दारावरचा आतला उत्तरंग सुमारे १२० टनांचा एकच दगड आहे. आई इथे आरामात येऊ शकली.

ऑलिम्पियात पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. पहिला दिवस फार लांबतो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी बसमध्ये पुढची जागा मागून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑलिम्पियाचा परिसर पाहिला. हा सपाट, हिरवा आणि सावलीचा आहे, आणि ज्येष्ठांसाठी सर्वांत सुखाचा. इ. स. पू. ७७६ हे इथल्या खेळांचे परंपरेने मानलेले पहिले वर्ष. धावण्याचे मैदान १९२ मीटरांहून किंचित अधिक लांब असून आरंभरेषेचे दगड आजही जागेवर आहेत. झ्यूसच्या मंदिराचे खांब भूकंपात कोसळले ते कापलेल्या चकत्यांसारखे ओळीने पडले आहेत. त्यासमोर शिल्पकार फिडियसची कार्यशाळा आहे. हस्तिदंत आणि सोन्याने मढवलेली झ्यूसची प्रचंड मूर्ती त्याने इथे घडवली, जी प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांत गणली गेली आणि आज उरलेली नाही. उत्खननात इथे एक साधा मातीचा पेला निघाला, ज्याच्या बुडावर कोरले आहे: ‘मी फिडियसचा आहे.’

तो पेला संग्रहालयात आहे, आणि आमची खरी हानी इथेच झाली. सहलीने संग्रहालयासाठी जेमतेम चाळीस मिनिटे ठेवली होती. झ्यूसच्या मंदिराच्या पूर्व आणि पश्चिम दर्शनी त्रिकोणांतली शिल्पे एकाच मोठ्या दालनात समोरासमोर मांडली आहेत. एकीकडे रथांच्या जीवघेण्या शर्यतीआधीची निःशब्द वेळ, दुसरीकडे लग्नघरात माजलेली हाणामारी आणि तिच्या मधोमध हात पसरून उभा असलेला शांत अपोलो. केवळ या दालनासाठी अर्धा तास हवा. पेल्यासमोर मला एक मिनिट मिळाले आणि हर्मीस देवाच्या पुतळ्याच्या दालनाकडे पत्नीला धावतच जावे लागले. माझा सल्ला असा की मार्गदर्शकाला आदल्या रात्रीच विनंती करावी, आणि ते शक्य नसेल तर परिसरातून अर्धा तास लवकर निघून आपणहून संग्रहालय गाठावे. दोन्हींना एकच तिकीट चालते.

दुपारी रिओ-अँतिरिओच्या पुलावरून, जो २००४ साली खुला झाला आणि २,८८० मीटर लांब आहे, समुद्र ओलांडून संध्याकाळी डेल्फी गाठले. मुक्काम डेल्फी गावातच असल्याची खात्री करून घ्यावी, कारण सकाळी दार उघडताच आत शिरले तर अथेन्सहून एका दिवसासाठी येणाऱ्या बस पोहोचण्याआधी दीड-दोन तास शांततेत मिळतात.

डेल्फीची वाट पार्नासस पर्वताच्या उतारावर नागमोडी चढत जाते. अथेन्सकरांचे कोषगृह, अपोलोच्या मंदिराचे खांब, त्यावर नाट्यगृह आणि सर्वांत वर धावण्याचे मैदान. आई मंदिरापाशी थांबली आणि तेवढ्याने तिचे समाधान झाले. इथूनच पिथिया नावाची पुजारीण राजांना आणि नगरांना कौल देत असे. मंदिराखालच्या बहुकोनी दगडांच्या भिंतीवर आमच्या मार्गदर्शक बाईंनी बारीक अक्षरे दाखवली. ती शेकडो गुलामांच्या मुक्ततेची नोंदपत्रे आहेत. ती अक्षरे पाहताना मला कार्ल्याचे चैत्यगृह आठवले. तिथल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवन दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत आणि हा ‘यवन’ शब्द ‘आयोनियन’ या ग्रीक नावावरूनच आपल्याकडे आला. डेल्फीला जाण्यापूर्वी ज्यांनी कार्ले पाहिले असेल, त्यांना या भिंतीसमोर ओळखीचे काही भेटेल. संग्रहालयातला ब्राँझचा सारथी चुकवू नये. त्याच्या डोळ्यांत जडवलेली बुबुळे आणि पापण्यांचे तांब्याचे केस अजून शाबूत आहेत.

शाकाहारी जेवणाची चिंता करू नये. मात्र ‘व्हेजिटेरियन’ म्हणण्याऐवजी ‘निस्तिसिमो’ म्हणजे उपवासाचे, असे विचारल्यास खेड्यातल्या स्वयंपाकघरातही लगेच समजते. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण कालवे-कोळंबी चालतात, म्हणून तेवढे वेगळे सांगावे. भरलेले टोमॅटो व ढोबळी मिरच्या, टोमॅटोत शिजवलेल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया आणि ‘फावा’ नावाचे पिवळ्या डाळीचे घट्ट वरण आम्ही रोज खाल्ले. आईला फावा इतका आवडला की तिने त्यावर लिंबू पिळून तो पावाशी दोन्ही वेळा घेतला.

अॅक्रोपोलिस आम्ही शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवले होते. तिकीट ठरावीक वेळेचे असते, आम्ही गेलो तेव्हा ३० युरो होते, आणि ते आधीच ऑनलाइन घेतलेले बरे. सकाळी आठची वेळ घेऊन डायोनिससच्या नाट्यगृहाकडच्या, म्हणजे आग्नेयेच्या दाराने शिरावे. मुख्य दारापेक्षा गर्दी कमी असते. वरचा संगमरवर शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झाला आहे, तेव्हा घट्ट पकडीचे बूट हवेतच. चालण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, तिची चौकशी आदल्या दिवशी करावी. वरचे मुख्य मंदिर पार्थेनॉन इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात उभे राहिले आणि १६८७ साली व्हेनिसच्या तोफगोळ्याने आतला दारूसाठा पेटून मधोमध फुटले. त्यानंतर राहिलेल्या शिल्पांपैकी मोठा भाग ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काढून लंडनला नेला.

खाली उतरल्यावर थेट नव्या अॅक्रोपोलिस संग्रहालयात जावे आणि तिथे निदान तीन तास ठेवावे. वरचा मजला पार्थेनॉनच्या दिशेला समांतर वळवलेला आहे. अस्सल शिल्पपट्ट मधाळ रंगाचे आणि लंडनमध्ये असलेल्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती, त्यामुळे काय गेले ते नुसत्या नजरेने मोजता येते. खालच्या मजल्यावर, अॅक्रोपोलिसवरच्या एरेक्थिऑन मंदिराचे छत डोक्यावर पेलणाऱ्या सहा दगडी स्त्रियांपैकी पाच उभ्या आहेत. सहावी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तिची जागा इथे मोकळी ठेवलेली आहे. आई त्या मोकळ्या जागेसमोरच्या बाकावर बसून राहिली, आणि या वेळी बसची घाई नसल्याने आम्हीही तिच्या शेजारी बसलो.