टाच आधी, हात मागून

कर्दे, कार्तिक अमावस्या

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. अमावस्या म्हणजे पंधरावी तिथी, भरती सव्वाअकराला, ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास. उजाडेपर्यंत पाणी चढायला लागतं, पण अमावस्येचं पाणी इतकं लांब गेलेलं असतं की साडेसहालाही पुळणीचा रुंद, कडक पट्टा मोकळा मिळतो. गोल्फच्या स्विंगसाठी, म्हणजे काठी फिरवून मारण्याच्या सरावासाठी, मला याहून चांगली जागा माहीत नाही. चेंडू नाही, हातात नुसता सेव्हन आयर्न, म्हणजे गोल्फची एक काठी (क्लब). खरा खेळ खारघरच्या कोर्सवर, जाणं होईल तेव्हा. पण पाय काय करतात ते गवत सांगत नाही, पुळण सांगते.

आज सगळं लक्ष कमरेखाली होतं. नावाजलेला अमेरिकन गोल्फपटू बेन होगन याचं म्हणणं ठाम होतं: डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून खाली आणणं, खुब्यांनी सुरू करायचा, हातांनी नाही. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्याच्या गाडीला बसने समोरून धडक दिली. कमरेचं हाड, हासळी, घोटा मोडला. जून १९५० मध्ये त्याने अमेरिकेतल्या मेरियनच्या कोर्सवर यूएस ओपन ही मोठी गोल्फ स्पर्धा जिंकली. कमरेच्या असल्या दुखण्यातून उठलेला माणूस खुब्यांबद्दल बोलतो, तेव्हा मी ऐकतो.

खुबे फिरतात, मग छाती, मग हात, शेवटी क्लब. प्रत्येक जण आपला वेग पुढच्याला देऊन स्वतः मंदावतो. हे सगळं जेमतेम पाव सेकंदात उरकतं, त्यामुळे वरून खाली येताना विचार करायला सवडच नसते. जे करायचं ते आधीच सुरू झालेलं असावं लागतं.

भाचा मोबाइलवर स्लो मोशन घेत होता. मध्येच म्हणाला, "मामा, हात अजून मागे जातायत आणि पाय पुढे निघाला!" मी धावत जाऊन बघितलं. ओल्या पुळणीवर भार पडला की पावलाभोवतीचं पाणी क्षणभर आत ओढलं जातं आणि पुळण पांढरट दिसते. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे-वर नेताना, ते पांढरं कडं उजव्या पावलाभोवती होतं. मग क्लब पूर्ण वर पोचायच्या आतच डाव्या पावलाभोवती उमटलं. हेच तर हवं होतं! डाव्या पायावरचा दाब क्लब वर पोचण्याआधीच वाढायला हवा, हे वाचून माहीत होतं. डोळ्यांनी आज पाहिलं. सकाळभर मन त्यातच होतं.

ठसेही बघितले. उजव्या पावलाची आतली कड खोल गेली असेल तर अंग फिरलंय. बाहेरची कड खोल असेल तर अंग नुसतं बाजूला सरकलंय, वळलेलं नाही. डाव्या पावलाची टाच शेवटी खोल हवी आणि उजव्याचा फक्त चवडा टेकलेला हवा.

मग ओढून ठेवलेल्या एका होडीला पाठ करून उभा राहिलो, ढुंगण फळीला जेमतेम टेकेल इतक्या अंतरावर. मागे जाताना उजवी बाजू फळीला घासते, खाली येताना तिची जागा डावीने घ्यायची. दोन्ही सुटल्या की समजावं, खुबे चेंडूकडे ढकलले गेले, पाठ ताठ झाली आणि हातांना जायला वाट उरली नाही. घरी भिंतीजवळही हे जमतं, फक्त क्लब न घेता, हात छातीवर बांधून. डाव्या पावलाची बोटं थोडी बाहेर वळवून उभं राहिलं की गुडघ्याला पीळ कमी बसतो. पन्नाशीनंतर हे सगळ्यात आधी करावं, असं माझं मत आहे.

उद्या पाऊल टाकत स्विंग करायचा आहे. पाय जुळवून उभं राहायचं, क्लब मागे न्यायचा, आणि तो वर पोचायच्या आत डावं पाऊल चेंडू जिकडे मारायचा त्या दिशेने, डावीकडे टाकायचं. आधी अगदी सावकाश, निम्म्या वेगाने. भाच्याला कॅमेरा जमिनीलगत धरायला सांगितलंय, मला फक्त घोट्याखालचं बघायचंय.