वाई की वाय?

तुवालूच्या राजधानीत, फुनाफुटीला उतरलो तेव्हा माझ्याजवळ टूलकिट, मल्टिमीटर, खिसाभर ऑस्ट्रेलियन डॉलर आणि एक घोडचूक होती. २०१८ सालची गोष्ट. एका सरकारी इमारतीच्या छतावरची सोलर यंत्रणा चालू करून द्यायची होती. इन्व्हर्टर सुरू करायला पुण्याच्या ऑफिसातून सोळा अक्षरांचा कोड लागतो. मशीनचा नंबर कळवायचा, कोड मेलवर येतो. चाकणला हे काम चहा थंड व्हायच्या आत होतं, म्हणून इथेही तसंच धरून चाललो.

तुवालू म्हणजे पॅसिफिकमधली नऊ बेटं. सगळी मिळून जेमतेम २६ चौरस किलोमीटर, माणसं अकरा हजारांच्या आसपास. तेव्हा एटीएम नव्हतं, कार्ड चालत नव्हतं. चलन ऑस्ट्रेलियाचं, तेही सोबत न्यायचं. समुद्राखालून केबल आलेली नव्हती, त्यामुळे इंटरनेट सगळं उपग्रहावरून. नोटा मोजून प्रीपेड वाय-फायचं कार्ड घ्यायचं, नंबर खरवडायचा आणि वाट बघत बसायचं. गंमत म्हणजे जगभरच्या व्हिडिओवाल्यांना हवा असलेला ‘डॉट टीव्ही’ हा पत्ता याच देशाचा. त्याच्या भाड्यावर सरकारला चांगली कमाई होते आणि मला तिथे एक मेल उघडत नव्हता.

सकाळपासून नेट गेलेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मशीनचा नंबर पाठवला, त्याच्यापुढचं घड्याळ काही हलेना. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी, आणि फिजीहून आठवड्यात विमानं येतात मोजकीच. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे, म्हणजे पुण्यात दहाला ऑफिस उघडणार तेव्हा इथे साडेचार. तोवर मी आणि तिथला इलेक्ट्रिशियन, पन्नाशीतला शांत गृहस्थ, धावपट्टीच्या कडेला सावलीत बसलो. ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधलेली. विमान नसलं की संध्याकाळी तिच्यावर व्हॉलीबॉल चालतो.

साडेचारला स्थानिक सिमवरून फोन लावला. आमचा ज्युनिअर म्हणाला, “सर, कोड एसएमएस करतो.” दोनदा केला, एकदाही आला नाही. मग म्हटलं, तोंडी सांग. तर उपग्रह ३६,००० किलोमीटर वर. आवाज जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद तरी लागतो, आणि तेवढ्यात दोघंही एकदम बोलायला लागतात. त्यात बी, डी, पी, टी सगळी सारखीच ऐकू येत होती.

म्हणून मी नियम केला: प्रत्येक अक्षर गावाच्या नावाने. नुसतं गाव सांगायचं, आणि बोलून झालं की ‘ओव्हर’.

“बारामती. ओव्हर.” “पंढरपूर. ओव्हर.” “सात. ओव्हर.” मी इन्व्हर्टरच्या खोक्यावर पेनाने लिहीत होतो. इलेक्ट्रिशियन माझ्या तोंडाकडे बघत होता.

कोड टाकला. नाही चालला. पुन्हा सगळा वाचून घेतला, पुन्हा टाकला, पुन्हा लाल दिवा. तिसऱ्यांदा चुकला की मशीन चोवीस तास कुलूपबंद. हाताला घाम सुटला.

“आता मी वाचतो, तू तपास. ओव्हर.” अकरावं अक्षर आलं. मी म्हटलं, “वाय.”

अर्धा सेकंद शांतता. मग तिकडून, “बरोबर सर, वाई.”

“वाय ना?”

“हो सर, वाई!” आणि एकदम ओरडला, “सर, पसरणी घाटाखालची वाई! डब्ल्यू!”

माझाच नियम मला नडला होता. सरळ डब्ल्यू म्हणाला असता तर दोघंही पहिल्याच झटक्यात सुटलो असतो. ते अक्षर कशात मिसळतच नाही. खोक्यावरचा वाय खोडला. हिरवा दिवा लागला. फोनमध्ये पैसे किती उरले ते बघायचं धाडस झालं नाही. ज्युनिअरला शाबासकी द्यायला गेलो तोवर तोच “ओव्हर, सर?” विचारत होता.

दुसऱ्या दिवशी विमान यायच्या आधी भोंगा वाजला. धावपट्टीवरची पोरं, मोटरसायकली, कुत्री बाजूला झाली. मी त्यांच्या भाषेत “फाकाफेताई” म्हणून इलेक्ट्रिशियनचे आभार मानले. त्याने माझा हात घट्ट धरला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “बारामती. ओव्हर.”