उत्तरेची शीत आघाडी आणि आमची कलमे

रत्नागिरी, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा

मोसमी पाऊस परतला आणि ऑक्टोबरचा उकाडा पुरता अंगावर आला. दुपारी पारा पस्तिशीच्या पुढे जातो, खारा वारा उशिरा सुटतो आणि तोवर घामाने जीव नकोसा होतो. आजच्या हवामान वार्तापत्रात मात्र एक ओळ अशी होती की ती मी पुन्हा वाचली: पश्चिमी चक्रावात, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारे कमी दाबाचे क्षेत्र, हिमालयाच्या पश्चिम भागात पोहोचला असून त्याच्यामागून येणारी थंड, कोरडी हवा येत्या काही दिवसांत उत्तरेच्या मैदानांवर पसरेल. इथून सुमारे १३०० किलोमीटरवर असलेल्या दिल्लीच्या थंडीशी कोकणातल्या माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु ज्याच्या घरी हापूसची कलमे आहेत त्याचे पुढचे अर्धे वर्ष या ओळीला बांधलेले असते.

भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले हे चक्रावात पश्चिमेकडून वाहणाऱ्या वरच्या थरातील वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे येतात. जड थंड हवा हलक्या उबदार हवेखाली पाचरीसारखी शिरते, उबदार हवा वर उचलली जाते, तिच्यातील बाष्पाचे ढग होतात, आणि त्या सीमेवर गडगडाटासह सरी पडतात. हीच शीत आघाडी. ती पुढे सरकली की वारा वायव्येकडून वाहू लागतो, हवेचा दाब वाढतो, आकाश निवळते आणि रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते. मध्य आशियातील कडाक्याची हवा हिमालय सरळ खाली उतरू देत नाही, म्हणून आपल्याकडच्या आघाड्या युरोपातल्याइतक्या ठळक नसतात. तरीही मैदानांवरचा त्यांचा परिणाम स्पष्ट जाणवतो.

भाचा दिल्लीला नोकरीला आहे. त्याने संध्याकाळी फोनवर सांगितले, "मामा, इथे ढग आलेत, पण रात्री उलट उकडतंय." मी त्याला म्हटले की हे असेच व्हायचे. चक्रावात जवळ येताना दक्षिणेकडची दमट हवा ओढून घेतो आणि ढगांचे पांघरूण रात्रीची उष्णता अडवते, त्यामुळे किमान तापमान आधी वाढते; खरी थंडी आघाडी निघून गेल्यावर पडते. हा क्रम ध्यानात न घेता लोक "थंडी गायब झाली" म्हणून मोकळे होतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आमच्याकडे मात्र ती थंडी जशीच्या तशी येत नाही. राजस्थान, गुजरात, माळवा करत दख्खनच्या पठारावर आलेली हवा सह्याद्री उतरून किनाऱ्यावर येते, तेव्हा दाबली जाऊन दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते. पुण्यात गारठा पडला तरी रत्नागिरीत रात्र सुखद एवढीच वाटते, त्याचे मोठे कारण हेच. शिवाय समोरचा अरबी समुद्र अजून २८ अंशांच्या आसपास उबदार आहे. म्हणून मी दिल्लीच्या किमान तापमानापेक्षा वाऱ्याची दिशा अधिक पाहतो. उत्तरेचा किंवा ईशान्येचा वारा टिकला, आकाश निरभ्र राहिले आणि पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, जोरात वाहिला, तर उत्तरेची थंडी आमच्यापर्यंत पोहोचली असे समजावे. वारा पश्चिमेला फिरला की सगळे पुन्हा दमट.

हापूसला मोहोर यायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात: पालवी जून झालेली असावी आणि रात्रीचे तापमान २० अंशांच्या बरेच खाली उतरून काही आठवडे तसेच राहावे. आज बागेत फिरताना मी पाने चुरगळून पाहिली. जुन्या फांद्यांवरची पाने हातात कडकड मोडतात, शेंड्याचे डोळे घट्ट मिटलेले आहेत, हे चांगले लक्षण आहे. परंतु पूर्वेकडच्या रांगेत परतीच्या पावसाने तांबूस कोवळी पालवी फुटली आहे. ती मऊ आहे, बोटात मोडत नाही, नुसती वळते. या झाडांचा मोहोर लांबणार, आणि लांबलेल्या मोहोराचा आंबा एप्रिलऐवजी मेच्या उत्तरार्धात तयार होऊन पावसाच्या तोंडाशी येतो. एकाच बागेत दोन हंगाम सांभाळणे किती कठीण असते, ते बागायतदारालाच ठाऊक.

आंब्यासाठी थंडी हवी, तर भातासाठी कोरडे आकाश हवे. हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे भात कापून झाले. उशिरा पिकणारे गरवे अजून उभे आहे आणि लोंब्या पिवळ्या पडून लवल्या आहेत. मला खरी धास्ती उत्तरेची नाही, समुद्राची आहे, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळे होतात. २०१९ साली ऐन दिवाळीत 'क्यार' समुद्रात घोंघावत राहिले आणि कापलेले भात शेतातच भिजून त्याला कोंब आले. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले, तेव्हा समुद्रात गेलेले अनेक मच्छीमार परतले नाहीत. त्यामुळे नोव्हेंबर संपेपर्यंत मी उत्तरेची बातमी आनंदाने वाचतो आणि समुद्राचा इशारा आधी वाचतो.

आजच्या अंदाजात समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र नाही. आघाडी पुढे सरकली आणि वारा उत्तरेकडून स्थिरावला, तर आठवड्याभराने पहाटे अंगावर चादर ओढावी लागेल असे वाटते. पहिल्या थंडीने मोहोर फुटत नाही, तो नोव्हेंबर-डिसेंबरात एकामागून एक येणाऱ्या लाटांवर अवलंबून असतो. म्हणून फवारणीची घाई आत्ताच करणार नाही. गरवे भात मात्र उद्यापासून कापायला घेऊ, एका दिवशी झोडून होईल तेवढेच कापू, आणि पेंढ्या रात्री शेतात न ठेवता खळ्यावर आणून झाकून ठेवू.